वाढत्या अंगाचा स्वेटर

नाशिकची थंडी सकाळी दहाला निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी पारा २८-२९ अंशांवर असतो, अंगात साधा सदरा असला तरी पुरतो. पहाटे तोच पारा दहाच्या आसपास उतरलेला असतो आणि उत्तरेकडचे गार वारे सुटले की त्याच्याही बराच खाली जातो. डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या निफाडला तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्याच आठवड्यात, २९ डिसेंबरला, नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. हिमालयातल्या गावांना हे आकडे किरकोळ वाटतील. पण त्या गावांतली घरं थंडीसाठी बांधलेली असतात आणि कपडे थंडीसाठीच घेतलेले असतात. आपली पत्र्याची खोली उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गारठते, आणि कपाटात असतात ते बहुतेक सुती कपडे.

एका दिवसात पारा अठरा-वीस अंशांनी वरखाली होतो. स्वस्तात उबदार कपडे जमवायचे तर सुरुवात या गोष्टीपासून करायला हवी. जी थंडी दिवसभर ठाण मांडून बसते तिला जाड कोट लागतो. आपली थंडी पहाटे चार ते नऊ आणि पुन्हा रात्री अशी येते, तिला एकेक करून काढता येतील, घडी करून पिशवीत टाकता येतील असे पातळ थर लागतात. पंधराशे रुपयांचं फुगीर जर्किन घेतलं तर ते सकाळी दोन तास अंगात राहतं आणि उरलेला दिवस हातात. त्याच पैशांत घरातल्या सगळ्यांचे कान, छाती आणि पाय झाकता येतात, हे बाजारात हिंडून, भाव विचारून माझं पक्कं मत झालं आहे.

दहाच्या आधी घराबाहेर असतो कोण? पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, सफाई कामगार, पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजीच्या लिलावाला आलेले शेतकरी, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सातची पाळी गाठणारे कामगार, सकाळच्या शाळेची मुलं, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया. ज्यांच्या पगारात थंडीसाठी वेगळे पैसे निघत नाहीत, नेमक्या त्यांच्याच वाट्याला थंडीचे सगळ्यात वाईट तास येतात. वर्षाची कपडेखरेदी होते दिवाळीत. बोनस येतो, उचल मिळते, भिशी लागते, आणि थंडी दाराशी आलेली असताना आपण मुलीला बिनबाह्यांचा झगमगता फ्रॉक घेतो, मुलाला पातळ कुर्ता. सणाला नवं नेसावं, त्यात वावगं काहीच नाही. पण त्याच पैशांतले पाच-सातशे रुपये वेगळे काढले तर पुढचे अडीच महिने बरे जातात. हा अंक हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांत खरेदी चालू असेल, म्हणून हे आत्ताच लिहितो आहे.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये थंडी जवळून पाहायला मिळते. बागायतदाराला घोर असतो मण्यांचा. पारा फारच उतरला की मणी तडकतात, फुगवण थांबते, म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात; हवेपेक्षा ते पाणी उबदार असतं. याच बागांत पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबं काम करतात. विरळणी करायची, घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे डिपिंग करायचं. सकाळी वेलींवर दव असतं. हात वर करून घड धरला की ते दव मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं. बायकांच्या अंगात साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, डोक्याला नि कानांना घट्ट रुमाल. औषधापासून, उन्हापासून, खरचटण्यापासून तो शर्ट बाईला राखतो. थंडीत मात्र त्या सुती शर्टाच्या बाह्या साडेसातलाच भिजतात आणि ऊन चढेपर्यंत ओल्याच राहतात. भिजलेलं सूत उलट अंगाची ऊब ओढून घेतं. या बाईला जाड स्वेटर देऊन भागत नाही, तोही भिजेल. तिला हव्यात दोन सुट्या बाह्या: जुन्या रेनकोटच्या कापून, मनगटाला आणि दंडाला इलॅस्टिक घालून शिवलेल्या. गावातली शिलाईवाली ताई त्या वीस-तीस रुपयांत करून देते. शर्टावर चढवल्या की दव आत जात नाही, ऊन आलं की काढून बांधावर टाकायच्या. पाहिलेल्या सगळ्या उपायांत याच्याइतका स्वस्त आणि नेमका मला दुसरा दिसला नाही.

कपडा मुळात ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या अंगाची. कपडा तिला धरून ठेवतो, आणि धरतो तो स्वतःत अडकलेल्या हवेच्या जोरावर. दोन पातळ कपड्यांमध्ये हवेचा एक थर मिळतो, तीन घातले की दोन. म्हणून बनियन, त्यावर सुती सदरा, त्यावर जुना स्वेटर आणि सगळ्यांवर वारा अडवणारं काहीतरी, ही उतरंड एकट्या जाड कपड्यापेक्षा सरस ठरते. बनियन अंगासरशी हवी आणि कोरडी हवी. वरचे कपडे मात्र किंचित सैल. घट्ट स्वेटर आतली हवा पिळून काढतो आणि पायात दोन मोजे कोंबून बूट करकचून बांधले तर पाय आणखी गार पडतात.

वाऱ्याची गोष्ट दुचाकीवाल्यांना वेगळी सांगायला नको, पण आकडा सांगण्यासारखा आहे. पारा दहा अंश आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर असला तर उघड्या कातडीला ती थंडी सहा अंशांची लागते. स्वेटर कितीही चांगला असला तरी त्याच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो. पेपर टाकणारी पोरं स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची जाड घडी घालतात ती यासाठीच. कागद वारा अडवतो, पाळी संपली की काढून टाकता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी जुना विंडचीटर घ्यावा, पावसाळ्यातला रेनकोट वर चढवला तरी काम भागतं. हातमोजे नसतील तर हँडलच्या मुठींना जुन्या जीन्सच्या पायांचे तुकडे शिवून बसवलेले मी सातपूरच्या रस्त्यावर पाहिले आहेत.

डोक्यातून अंगाची निम्मी ऊब निघून जाते असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं नाही. डोकं हा अंगाच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आहे आणि ऊबही साधारण त्याच हिशेबात जाते. तरीही कानटोपीला मी यादीत पहिलं स्थान देईन. बाकी सगळं अंग कसंबसं झाकलेलं असतं आणि कान, मान, कपाळ तेवढं उघडं राहतं. पन्नास-सत्तर रुपयांत ती उणीव भरून निघते. पायमोज्यांचंही तसंच. चपलेत बोटं अडकावीत म्हणून अंगठ्याचे मोजे मिळतात, बायका ते घालतातही. पुरुषांना का कोण जाणे त्याचा संकोच वाटतो.

आता बाजार. नाशिकला गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. नोव्हेंबर लागला की ताडपत्रीवर उतरलेल्या कपड्यांचे ढीग पडतात. ढिगातून स्वेटर कसा निवडायचा, हे शिकावं ते तिथल्या गिऱ्हाइकांकडूनच. एक बाई स्वेटर हातात आल्या आल्या उलटा करतात. आधी काखेची शिवण बघतात, मग मनगटाची पट्टी ताणून सोडतात; ती परत आक्रसली नाही तर स्वेटर बाजूला. नंतर दोन्ही हातांनी उजेडावर धरून कसरीची भोकं शोधतात. पुढचा व्यवहार असा:

"मावशी, शंभरला लावलाय. धुतलेला आहे."

"धुतलेला नाही, झटकलेला आहे. दोन घेते, दीडशे देईन."

"एकशे सत्तर द्या, तुमचं नाही माझं नाही."

एकशे साठला दोन सुटतात. पिशवीत टाकताना त्या बाई मला सांगतात की गुंडी तुटलेली असली तर काही बिघडत नाही, चेन बिघडलेली असली तर मात्र हात लावायचा नाही. नवी चेन बसवायला स्वेटरपेक्षा जास्त पैसे जातात.

अशा ढिगात अस्सल लोकरीचा स्वेटर निघतो आणि विकणाऱ्यालाही पुष्कळदा ते ठाऊक नसतं. घरी आणल्यावर शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघावा. लोकर जळक्या केसांसारखा वास देते आणि तिची राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचा टणक मणी होतो. लोकरीचा मोठा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून तिच्यावर मेहनत करावी. थंड पाण्यात रिठ्याने धुवावी, पिळू नये, दोरीवर टांगू नये, चटईवर पसरून सावलीत वाळवावी. गरम पाण्यात बुचकळली तर मोठ्या माणसाचा स्वेटर आटून लहान मुलाच्या मापाचा होतो. ॲक्रिलिक वाईट असं नाही. ते स्वस्त आहे, लवकर वाळतं, त्याला कसर लागत नाही. पण शेकोटीपाशी त्याला जपावं लागतं. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. लहान मुलांना ॲक्रिलिकच्या स्वेटरवर जाळाजवळ बसवू नये, आणि दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी तर कोणीच ठेवू नये. तिचा वायू झोपेतच जीव घेतो.

नवा स्वेटर घ्यायचा तर नाशिककर शरणपूर रोडवरच्या तिबेटी मार्केटची वाट धरतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांना तिबेटींचे हिवाळी स्टॉल दोन-तीन पिढ्यांपासून ओळखीचे आहेत. १९५९ नंतर जे तिबेटी निर्वासित होऊन भारतात आले, त्यांच्यातल्या अनेकांनी शेतीला जोड म्हणून हा व्यापार धरला. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. तिथे भाताची शेती होते आणि भात निघाला की घरातली माणसं स्वेटर विकायला शहरं गाठतात. माल येतो मुख्यतः लुधियान्याहून. तिथले कारखानदार वर्षानुवर्षांच्या विश्वासावर उधारीत माल देतात, हंगाम संपला की पैसे चुकते होतात. हा व्यवहार समजून घेतला की भाव कधी उतरतो हेही कळतं. नोव्हेंबरात एकच भाव, घासाघीस नाही. संक्रांत उलटली की उरलेला माल परत नेण्यापेक्षा विकलेला बरा असतो, शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचं लोसार, म्हणजे नवं वर्ष येतं, तेव्हा घरी पोचायचं असतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाचशेचा स्वेटर तीनशे-साडेतीनशेला मिळतो. गरज या वर्षीची असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षीची असेल तर खरेदीची वेळ हीच.

लुधियान्याचं नाव घेतलं की आपल्या घोंगडीची आठवण येते. सांगोला, मंगळवेढा, जत, माण हा कमी पावसाचा पट्टा, तिथे धनगरांची दख्खनी मेंढी, तिची राठ काळी लोकर, आणि ती खड्ड्याच्या मागावर विणणारे सणगर. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीचीही घोंगडी नावाजलेली. सुताला चिंचोक्याची खळ लावून ताणा कडक करतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी उभी राहते आणि वापरून वापरून मऊ पडते. ती टोचते, तिला वास येतो, पण पाऊस तिच्यावरून ओघळतो आणि मेंढपाळ तिच्या खोळीत उघड्या माळावर रात्र काढतो. हातकताईची चांगली घोंगडी आज दोन-तीन हजारांच्या पुढे जाते. मेंढपाळाला आता मटणाचे पैसे मिळतात, लोकरीचे जवळपास मिळत नाहीत, म्हणून अंगावर लोकर कमी असलेली माडग्याळ मेंढी वाढली आणि कातरलेली दख्खनी लोकर कित्येकदा तशीच टाकून दिली जाते. ज्या राज्यात पहाटे लोक कुडकुडतात तिथेच लोकर उकिरड्यावर जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तंग हात असलेल्या घराला नवी घोंगडी घ्या असं मी सांगणार नाही. पण आजोळी माळ्यावर एखादी पडली असेल तर ती खाली काढा, दोन दिवस उन्हात घाला, आणि अंथरुणात खाली टाका.

खाली, हे मुद्दाम लिहितो. झोपेतली थंडी पांघरूण वाढवून जात नाही, कारण बरीच थंडी फरशीतून वर येते. अंगाच्या भाराने खालची गोधडी दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि शहाबादी फरशी पाठीला लागते. साखर कारखान्यांच्या रानात ऊसतोड मजूर कोपीत उसाचं पाचट जाड पसरून त्यावर अंथरूण घालतात. कोकणात, मावळात भाताचा पेंढा असतो. शहरातल्या खोलीत खोक्यांचे पुठ्ठे मिळतात, किराणा दुकानदार ते रद्दीच्या भावात देतो. पुठ्ठ्याचे दोन थर, त्यावर पोतं, त्यावर गोधडी. इतकं केलं की वरचं एक पांघरूण वाचतं.

गोधडीवर मराठीत पुष्कळ हळवं लिहून झालं आहे, म्हणून मी फक्त कामाचं सांगतो. जुन्या साड्यांचे पाच-सात थर, मध्ये फाटका स्वेटर किंवा विटलेली शाल, वर नि खाली मऊ सुती नऊवारी, आणि जवळजवळ घातलेला धावदोरा. धावदोरा जितका जवळ तितका आतला कपडा गोळा होत नाही. शिवणाऱ्या बाया वस्त्यांतून फिरतात, कपडा आपला, मजुरी त्यांची. याच पद्धतीने बंडी शिवून घेता येते. आटलेल्या किंवा बाहीतून फाटलेल्या स्वेटरचं धड कापायचं, त्याला आतून जुन्या धोतराचं आणि बाहेरून जुन्या शर्टाचं अस्तर लावायचं. बाह्या नसल्याने हात मोकळे राहतात, भांडी घासताना काही भिजत नाही आणि छाती-पाठ उबदार राहते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पूर्ण बाह्यांच्या स्वेटरपेक्षा अशी बंडी कितीतरी सोयीची.

मग खर्च किती? सातची पाळी असलेला कामगार, चार घरी काम करणारी त्याची बायको आणि शाळेतली दोन मुलं, असं घर डोळ्यांसमोर ठेवून मी बाजारातल्या भावांनी हिशेब मांडला. भाव पाच-पन्नास रुपयांनी इकडेतिकडे होतील. चौघांच्या कानटोप्यांना २८०. मोज्यांचे आठ जोड २४०. नवरा-बायकोला ढिगातले दोन स्वेटर, धुवायच्या साबणासकट, २४०. मुलांना शाळेच्या रंगाचे नवे स्वेटर ७००. त्याला जुना विंडचीटर २००. घरच्या कपड्यातून दोन बंड्या, मजुरीचे २००. बेरीज १,८६०. दोन हजारांतले १४० उरतात, त्यात भेगाळलेल्या टाचांसाठी कोकमाचं तेल येतं. एकदम एवढे पैसे निघत नसतील तर आधी टोप्या आणि मोजे घ्यावेत, मग मुलांचे स्वेटर, मग बाकीचं. आणि बायकोचं शेवटी, हा जो घरोघरचा क्रम आहे तो मोडावा. पहाटे गार पाण्यात हात घालणारी तीच असते.

दान करणाऱ्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. दरवर्षी जानेवारीत फुटपाथवर ब्लँकेट वाटली जातात. त्यातली बरीचशी पानिपतची शॉडी असते. जगभरातले टाकलेले लोकरी कपडे तिथे रंगांनुसार वेगळे करतात, चेन-गुंड्या कापतात, पिंजून पुन्हा सूत काढतात, वेगळा रंगही बहुधा द्यावा लागत नाही. ही युक्ती इंग्लंडमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ साली काढली आणि आज पानिपत हे तिचं मोठं केंद्र आहे. टाकाऊतून ऊब काढणारा हा उद्योग मला मोलाचा वाटतो. तक्रार आहे ती वाटपासाठी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हलकं ब्लँकेट निवडण्याची. उजेडावर धरलं की पलीकडचं दिसतं, एका धुण्यात त्याचे धागे सुटतात. शंभर माणसांना असं ब्लँकेट देण्यापेक्षा पन्नास माणसांना वजनदार द्यावं, किंवा त्याच पैशांत दोनशे माणसांना टोपी आणि मोजे द्यावेत. आणि द्यायचं तर नोव्हेंबरात द्यावं. जानेवारीच्या शेवटी दिलेलं ब्लँकेट फारतर पंधरा दिवस कामाला येतं, पुढे ते सांभाळून ठेवायला फुटपाथवर कपाट नसतं.

मुलांचा स्वेटर घेताना आपल्याकडे दुकानदाराला एकच सांगणं असतं: वाढत्या अंगाचा द्या. दोन मापं मोठा घ्यावा, खांदा फार उतरणार नाही एवढं बघावं, मनगटाच्या पट्टीच्या वर दोन घड्या आत घालून धावदोऱ्याने टाचाव्यात आणि दरवर्षी एक उसवावी. तीन हिवाळे निघतात. गणवेशाच्या दोन जोडांसाठी समग्र शिक्षा योजनेत मुलामागे वर्षाला ६०० रुपये धरले आहेत. त्यात शर्ट-पँट कशीबशी बसते, स्वेटरला काहीच उरत नाही. वरच्या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम, ७०० रुपये, मुलांच्या याच दोन स्वेटरांवर जाते, कारण शाळेला ठरावीक निळा किंवा मरून रंगच लागतो. रंगाची अट नसेल तर ढिगातले दोन स्वेटर दीडशेत येतात आणि साडेपाचशे रुपये वाचतात. यासाठी कुठल्या निधीची गरज नाही, मुख्याध्यापकांची एक सूचना पुरे: डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही रंगाचा स्वेटर चालेल, आणि प्रार्थनेला कानटोपी काढायला लावणार नाही.